सहा महिन्यांची रेघ

प्रश्नावली टॅबलेटवर आली आणि कागदाच्या समासाची सोय गेली. ‘बाकीचे दिवस कारखान्यावर’ असं तिथं खरडता यायचं. पडदा संकेतांक घेतो आणि पुढं सरकतो. त्यामुळे सहा महिन्यांची ती जुनी रेघ आता जास्तच छळते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या लेखी सलग सहा महिने जिथं वास्तव्य, ते नेहमीचं ठिकाण. बीडचा ऊसतोड कामगार उचल फेडायला दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो, गाळप आटोपलं की परततो. ऊस भरपूर असेल तर हंगाम लांबतो, दुष्काळात आखडतो. म्हणजे तो रेघेच्या अलीकडं की पलीकडं, हे उभं पीक ठरवतं. जनगणनेचा न्याय निराळा. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत, ऐन गाळपात झाली. तो सगळा काळ जो घराबाहेर, त्याची नोंद तो सापडेल तिथं. एकच माणूस एका दप्तरात बीडचा, दुसऱ्यात कोल्हापूरकडच्या फडातला, आणि दोन्ही नोंदी नियमाला धरून.

रेघ कुठंतरी ओढावीच लागते, हा आक्षेप मान्य. पण ती प्रश्नातच का ओढायची? 1999-2000 च्या 55 व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतराला किमान 60 दिवस लागत, 2007-08 च्या 64 व्या फेरीत 30 पुरले. या दोन फेऱ्यांमधल्या बदलावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी त्यात व्याख्येचा वाटा किती, हे आधी सांगावं. निघाल्या-परतल्याच्या तारखा विचारल्या असत्या तर रेघ तक्ता करताना हवी तिथं ओढता आली असती. लोकांना तारखा आठवत नाहीत म्हणतात. दसरा आणि पाडवा आठवतो की! खरी अडचण आमच्या मिजाशीची आहे. आटोपशीर प्रश्नावलीचं आम्हा रचनाकारांना भारी कौतुक, आणि त्यात मी कुणाच्या मागं नाही. रेल्वेच्या प्रवासी आकड्यांवरून स्थलांतर मोजणाऱ्यांचीही सध्या चलती आहे. 2016-17 च्या आर्थिक पाहणीनं त्यावरून वर्षाला सुमारे 90 लाख आंतरराज्य स्थलांतरित मांडले. युक्ती नामी, पण ऊसतोडीची टोळी बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाते आणि बऱ्याचदा राज्याची हद्दही ओलांडत नाही.

स्थलांतराच्या कारणाच्या रकान्याचंही तेच. लग्न करून आलेली बाई त्याच हंगामात जोडीनं कोयता धरते. कारण मात्र एकच लिहायचं, म्हणून ‘विवाह’. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 आहे, म्हणजे गणना पुन्हा गाळपातच. निदान नमुना पाहण्या रचणाऱ्यांनी तरी तारखा कच्च्या जपाव्यात आणि कारणाला दुसरा रकाना द्यावा.