मँचेस्टरकर

कोकणी-मराठी मुलखात आडनाव हा बहुधा माणसाच्या गावाचा जुना दाखला असतो. गाव सुटते, शेतभाट सुटते. आडनावातला 'कर' मात्र सुटत नाही. १५६० साली प्रत्यक्ष श्रीमंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळला यावे लागले, तेथे आपणां माणसांची काय कथा! आमच्या आडनावातल्या गावी आज आमचे एकही घर नाही.

वकिलीच्या निमित्ताने मालाच्या करारांचे कागद चाळताना माझ्या ध्यानात आले की, कापडांचेही असेच असते. कॅलिको ही कालिकतची, डंगरी ही मुंबईच्या डोंगरीची. कॉर्डरॉयची वंशावळ मात्र बनावट आहे. फ्रान्सच्या 'राजाची दोरी' असा त्या नावाचा अर्थ मोठ्या ऐटीत सांगतात. परंतु खुद्द फ्रेंच लोक या कापडाला 'धारीची मखमल' अशा अर्थाच्या साध्या नावाने ओळखतात.

वास्तविक हे कष्टकऱ्यांचे कापड. विणताना बाण्याचे जादा धागे वर मोकळे सोडतात. मग ठाणाच्या लांबीने ते कापून कुंचल्याने उभारले की लवेच्या उभ्या धारी उमटतात. इंचात धारी किती, यावरून त्याची जात ठरते. यंत्रे येण्यापूर्वी लँकेशायरातील कामगार लांब सुरी घेऊन ताणलेल्या ठाणाच्या कडेने चालत जात आणि एकेक धार कापीत. अशी मैलोगणती पायपीट व्हावी तेव्हा कापड पुरे होई. त्यांत बायका-मुलेही असत. जर्मनीत व स्वीडनमध्ये या कापडाला 'मँचेस्टर' असेच नाव पडले. म्हणजे खरे पाहता याचे आडनाव मँचेस्टरकर!

परंतु मँचेस्टरच्या शिवारात कापूस पिकत नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि तेथील गिरणीवाल्यांची दृष्टी धारवाड-बेळगावकडच्या काळ्या जमिनीकडे वळली. हा कापूस बोटीवर चढावा म्हणून कारवार बंदराचा प्रश्न विलायतेत गाजला. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासेकडून मुंबई इलाख्याकडे आला, त्यामागेही ही निकड होती. १८६५ त युद्ध संपले आणि ती निकडही ओसरली. आमच्या बाजूचा कापूस विलायती कापडात मिसळून गेला; कापडाला नाव मात्र गिरणीच्या गावाचे राहिले.

आजच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला तेही नाव नको आहे. १९८८ पासून अमलात असलेल्या जकातीच्या जागतिक वर्गीकरणात कापलेल्या सुती कॉर्डरॉयची ओळख ५८०१.२२ एवढीच. १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या कापडावर कोट्याचे बंधन घातले होते. युरोपने आपल्या यादीत सुती कॉर्डरॉयसाठी निराळे पोटकलम राखले होते. ज्यांच्या गिरण्यांनी एके काळी खुल्या व्यापाराचा घोष केला, त्यांनीच पुढे हे कुंपण घालावे, हा काळाचा विनोद म्हणावा. एवढे करूनही लँकेशायरच्या बहुतेक गिरण्या थंडावल्याच.

नंदगडच्या पेठेतून जाताना हे सारे मनात अधिकच घोळते. एकोणिसाव्या शतकात गोव्याचे मीठ, सुपारी, नारळ येथे उतरत व घाटावरचा गहू येथून बाहेर जाई. आज नंदगड म्हटले की १८३१ साली येथे फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मिठाची गोणी घाट चढवून आणणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक आहे?

देवापुढे संकल्प सोडताना आपण देश, काल आणि गोत्र उच्चारतो. बाजारात अशी रीत नाही. ज्याने पिकविले आणि ज्याने चालत चालत कापले, त्यांचा उच्चार न होताच माल हातोहात जातो. कायद्याच्या दृष्टीने किंमत चुकती झाली की व्यवहार पुरा होतो. ऋण फिटले असे मात्र माझ्याने म्हणवत नाही.