रेघांचा तक्ता

वाहनगणनेचा तक्ता हा अबोल गडी. मेहकरबाहेर खामगाव रोडला सावली बघून बसतो आणि समोरून जाईल त्याला एक उभी रेघ देतो, पाचवी आडवी. सलग सात दिवस, रात्रीसुद्धा. इंडियन रोड्स काँग्रेसची रीतच अशी की वर्षातून दोनदा बसायचं : एकदा सुगीत, एकदा शुकशुकाटात. म्हणून सोयाबीनच्या ट्रॉल्या त्याला ठाऊक, तसा उन्हाळ्यातला रिकामा डांबरी पट्टाही.

हिशेब मात्र मजेदार, सगळा कारच्या मापात. कार म्हणजे 1. मोटारसायकल अर्धी. ट्रक असो की एसटी, 3. ट्रॉलीसकट ट्रॅक्टर साडेचार. आणि बैलगाडी? 8! ती मागच्यांना रखडवते ना. पोळ्यालाही मान बैलांचाच. गाडीला तो मिळतो फक्त या तक्त्यात. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार-मेहकरवरून शेगावला जाते, पण वारकऱ्यांना रकाना नाही. पायी माणूस वाहन नव्हे.

इथवर तक्ता खोटं बोलत नाही. पुढचं त्याला ऑफिसात वदवतात. वाढीचा दर 5 टक्के धरला की 15 वर्षांत वाहनं दुप्पट; साडेसात धरला की जवळजवळ तिप्पट. तेवढ्यावर दोन पदरांचे चार होतात. बेंट फ्लिव्हबर्ग या डॅनिश अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 183 रस्ते तपासले, तर निम्म्यांच्या वाहतुकीचा अंदाज 20 टक्क्यांहून जास्त चुकलेला. खर्चाचं विचारूच नका : समृद्धी महामार्गाचा आकडा 46 हजार कोटींवरून 55 हजार कोटींवर गेला.

समृद्धीपुढे तर तक्त्याची पंचाईतच. जो रस्ता तेव्हा नव्हताच, त्यावर रेघा कशा मारणार? जुन्या रस्त्यावरची किती वाहनं टोल भरून वळतील, हे वाहनाकडे बघून कळत नाही; ते चालकाच्या खिशाला ठाऊक. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला, कारला किलोमीटरमागे 1 रुपया 73 पैसे. मेहकरलाही इंटरचेंज मिळाला. दुचाकी, तीनचाकी, बैलगाडी यांना वर मज्जाव. तक्त्याचं निम्मं गोत खालच्या रस्त्यावरच राहिलं.

टोलनाक्यावरचं यंत्र आता रोज मोजतं. तो आकडा जुन्या अंदाजाशेजारी मांडून द्या, असं मेहकरच्या कुणीतरी माहितीच्या अधिकारात विचारायला हरकत नाही. अर्जाला 10 रुपये लागतात.