वेलांकणीचे भाड्याचे घर

वेलांकणीस २९ ऑगस्टला ध्वज चढतो व ८ सप्टेंबरला मरिया मातेच्या जन्मोत्सवाने यात्रेची सांगता होते. त्या दिवसांत बंगालच्या उपसागराकाठच्या ह्या गावी घर मिळणे दुर्घट. म्हणून आमच्या धर्मग्रामातील तीन कुटुंबांसाठी आम्ही चार महिने आधीच एक घर ठरविले. मालकाने सारे भाडे आगाऊ मागितले. तो पैसा उसाच्या बिलातला! मग विमा उतरवावा काय?

रेल्वेच्या तिकिटाबरोबर ४५ पैशांत मिळणारा विमा आम्ही घेतलाच. पण तो गाडीच्या अपघातापुरता, घरभाड्याशी त्याचा संबंध नाही. प्रवास रद्द झाल्यास भरपाई देणाऱ्या दुसऱ्या विम्याची कलमे भिंग घेऊन वाचली. अकस्मात आलेले आजारपण त्यात होते. आमची खरी चिंता मात्र एका आजीबाईंच्या जुन्या हृदयविकाराची, आणि नेमके आधीचे दुखणेच वगळलेले! तेव्हा तो नाद सोडला व पंधरा दिवस आधी कळविल्यास निम्मे भाडे परत, असे मालकाकडून लिहून घेतले.

आजीबाई आल्या. २००४ च्या २६ डिसेंबरला त्सुनामीने ज्या किनाऱ्यावरून कितीतरी यात्रेकरू ओढून नेले, तेथेच पहिल्या सायंकाळी त्या लाटेत पाय बुडवून बराच वेळ उभ्या होत्या.