पाचशेची नोट आणि पंचशील

दोस्तांनो, एक कबुली देतो. मागच्या निवडणुकीत मी पाचशे रुपये घेतले.

राइस मिलमधली पाळी संपवून घरी आलो होतो. अंगावरचा कोंडा झटकत होतो, तर दारात एक ओळखीचा माणूस. पाकीट दिलं, हात जोडले, निघून गेला. मी म्हटलं, घेऊ. मत आपल्याच मनाचं देऊ. आपले कार्यकर्तेही हेच सांगतात ना? पैसा लुटारूंचा, घ्या, अन् बटण आपलं दाबा.

आजी खाटेवरून पाहत होती.

"का देलन रे त्यानं?"

"पैसे."

"अन् तू हो म्हनलास?"

"म्हनलो. पन मत नाही देत त्याले."

"मंग लबाड कोन? थो का तू?"

झोप उडाली. विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते तर दारातच मोडलं. दुसरं, न दिलेलं न घेण्याचं. मी मनाला समजावलं, त्यानं तर स्वतःच्या हातानं दिलं. पण पैसा त्याचा होता काय? रस्त्यातून, रेशनमधून, शाळेच्या छपरातून काढलेला. ज्यांचा होता त्यांनी कुठं दिला?

2018 साली गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेराव यांनी आपल्या कॅथलिक लोकांना पत्र लिहिलं. राज्यघटना धोक्यात आहे, राजकारणात भाग घ्या, पण सद्सद्विवेकानं. खुशामतीचं राजकारण नको. त्यांचा धर्म मतदान केंद्रापर्यंत जातो. आपला धम्म विहाराच्या पायरीवरच का थांबावा?

अन् आपल्याला दूर पाहायची गरजच नाही. 1954 साली गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं; वेगळा जिल्हा 1999 चा. भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब राखीव जागेवर उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, प्रत्येकाला दोन मतं. काही कार्यकर्ते म्हणाले, आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावं, दुसरं कुजवावं. 1952 ला मुंबईत हजारो मतं कुजली होती अन् बाबासाहेब पडले होते. म्हणजे राग खोटा नव्हता. पण बाबासाहेबांनी नाही म्हटलं. ज्यानं घटना घडवली तो मत वाया घालवा कसं सांगणार? अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. आपली मतं तिकडे गेली, तिकडची आपल्याकडे आली नाहीत, असं आमचे जुने लोक आजही सांगतात. हरले, पण मत कुजवू दिलं नाही. दोन वर्षांनी नागपुरात त्यांनी धम्म दिला. तो याच माणसानं दिलेला आहे.

सकाळी नोट परत करायला गेलो. तो हसला. "ठेव बे, मोठा आला हरिश्चंद्र!" मी नोट त्याच्या ओट्यावर ठेवली. पुढचे आठ दिवस मुकादमानं कामाला बोलावलं नाही. पाचशेच्या कितीतरी वर मजुरी बुडाली. आपला उमेदवारही पडला.

ज्या मायच्या चुलीवर रिकामं भांडं आहे, तिला मी बोल लावणार नाही. बोलतो ते बैठकीत भाषणं करणाऱ्या आपल्याच पोरांना. "पैसे घ्या, मत मनाचं द्या" हे वस्तीत सांगणं बंद करा. लबाडी शिकवून शील येत नाही.

आजीनं त्या आठ दिवसांत एकदाही विचारलं नाही, काम काहून नाही म्हणून.

जयभीम.