नागपूरचा प्रवास आणि विमान कंपनीचे कार्ड

मुंबईत पोटासाठी आलेल्या आणि विदर्भात नातीगोती असलेल्या कुटुंबांना नागपूरची वाट नवी नाही. लग्न असो, मयत असो, की शेताच्या हिश्शाचा कागद असो, वर्षातून एकदा तरी तिकडे जावेच लागते. आगगाडीने हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सीएसएमटीहून सुटते, कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला येते. मध्यरात्रीनंतर भुसावळ, पहाटे अकोला. बडनेरा मागे टाकून वर्धा येईपर्यंत चांगले उजाडलेले असते. डब्यात चहावाला फिरू लागतो, पिशव्या वरून खाली येतात आणि सकाळी नागपूर.

अलीकडे या वाटेला आणखी दोन वाटा जोडल्या गेल्या. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. तो ७०१ किलोमीटरचा आहे. दुसरी वाट आकाशातली. ती पूर्वीही होती, पण आपली नव्हती. आता वेळेवर तिकीट काढले तर कामगाराच्या घरातील माणूसही कधीतरी विमानात बसू शकतो. हे चांगलेच झाले. विमानात बसणे म्हणजे उधळपट्टी, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे सुजलेले असतील, रात्रभर वरच्या बर्थवर चढउतार जमत नसेल, तर दीड तासाचा प्रवास ही चैन नसून गरज असते.

मात्र या आकाशाच्या वाटेवर विमानतळावरच एक टेबल मांडलेले असते. त्या टेबलाविषयी आज लिहायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या एका लग्नासाठी मी, माझी थोरली बहीण आणि तिचा मुलगा असे तिघे नागपूरला निघालो. भाचा एका गोदामात नोकरीला आहे, पगार २४ हजार. आईसाठी त्यानेच दोन महिने आधी तिकिटे काढली होती. आम्ही सहारच्या टर्मिनल दोनला पोहोचलो. तेथे आता भुयारी मेट्रोनेही जाता येते. सामान दिले, तपासणी झाली. ताईने हातातल्या बांगड्या सावरत विचारले, "इथं एवढं चकचकीत, बसायचे पैसे पडतात का रे?" आम्ही म्हटले, नाही पडत, बस निवांत.

तेवढ्यात टाय बांधलेला एक मुलगा आणि एक मुलगी पुढे आली. विमान कंपनीच्या नावाचे क्रेडिट कार्ड घ्या. पहिल्या वर्षी एक तिकीट भेट, प्रत्येक खरेदीवर पॉइंट, पॉइंट साठले की पुन्हा तिकीट, शिवाय आरामकक्षात चहा-नाश्ता. मुले नम्र होती. महिन्याला अमुक इतके अर्ज भरून घेण्याचे बंधन त्यांच्यावरही असते, तीही पोटासाठीच उभी असतात. त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नाही.

भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही बीकॉम. तुम्हीच सांगा, घेऊ का? पुढच्या वर्षी आईला फुकटात विमानाने नेता येईल."

मी म्हटले, "विमान सुटायला तासभर आहे. कागद काढ, हिशेब मांडू."

पॉइंटचा हिशेब

प्रत्येक कार्डाचे आकडे वेगळे असतात. आम्ही समजुतीसाठी एक नमुना धरला, तोच येथे देतो. कार्डाची वार्षिक फी १,५०० रुपये. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७० रुपये. शंभर रुपयांच्या खरेदीवर दोन पॉइंट.

आता एका पॉइंटची किंमत काय? ती जाहिरातीत नसते, ती आपण काढायची. समजा तिकीट ५,२०० रुपयांचे आहे. तेच तिकीट पॉइंटवर घेतले तर ८,००० पॉइंट लागतात आणि कर व विमानतळाचे शुल्क म्हणून १,२०० रुपये रोख द्यावेच लागतात. बहुतेक ठिकाणी "फुकट" तिकिटावर हे शुल्क सुटत नाही. म्हणजे वाचले ४,००० रुपये, गेले ८,००० पॉइंट. एका पॉइंटची किंमत पन्नास पैसे.

८,००० पॉइंट साठवायला ४ लाख रुपयांची खरेदी हवी. भाच्याच्या घरात कार्डावर फार तर महिन्याला ८,००० रुपये खर्च होतील. त्या हिशेबाने पन्नास महिने लागतात, म्हणजे चार वर्षे दोन महिने. तेवढ्या काळात फी पाच वेळा भरावी लागेल : ८,८५० रुपये. चार हजार रुपये वाचवण्यासाठी पावणेनऊ हजारांहून जास्त! शिवाय अनेक योजनांत पॉइंटची मुदत संपते, हे वेगळेच. पहिल्या वर्षीचे भेट तिकीट जमेस धरले तरी ही तूट पूर्ण भरून निघत नाही. त्या भेटीलाही बहुधा अट असते, की इतक्या दिवसांत इतकी खरेदी करा.

अनेक कार्डांवर घरभाडे, पेट्रोल, हप्त्यावरची खरेदी यांना पॉइंट मिळत नाहीत किंवा कमी मिळतात. आपल्या घरातला मोठा खर्च तर नेमका असाच असतो. भाजीवाली आणि दूधवाला यांचा प्रश्नच नको.

मग हे कार्ड कोणालाच उपयोगाचे नाही काय? तसे नाही. ज्याचा कार्डावरचा खर्च महिन्याला ५० हजार आहे, जो कामानिमित्त सारखा विमानाने फिरतो, ज्याचे तिकीट कंपनी भरून देते आणि जो दर महिन्याला बिल पूर्ण चुकते करतो, त्याला वर्षाला १२,००० पॉइंट, म्हणजे सहा हजार रुपयांचा लाभ होतो. फी वजा जाता ४,२३० रुपये हाती राहतात. त्याने जरूर घ्यावे. पण वर्षातून एकदा उडणाऱ्याने रोज उडणाऱ्याचे कार्ड खिशात ठेवू नये.

खरा धोका व्याजाचा

फीचे नुकसान माणूस सोसतो. व्याजाचे सोसवत नाही. अनेक बँका थकलेल्या बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून जास्त व्याज लावतात, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २० हजार बाकी राहिली तर महिन्याचे व्याज ७०० रुपये, त्यावर जीएसटी १२६, एकूण ८२६. बिलावर "किमान देय" म्हणून एक लहान आकडा छापलेला असतो. तो समजा १,००० रुपये भरला, तर मूळ कर्जातून फक्त १७४ रुपये कमी होतात. आणि बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये असे व्याज वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त नसावे असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द ठरवला. तेव्हा या बाबतीत आपले रक्षण आपणच करायचे आहे. आपल्या वाडवडिलांनी सावकाराचे व्याज पाहिले आहे. सावकार दारात येत असे, म्हणून तो ओळखू तरी येत होता.

हा धंदा किती मोठा आहे पाहा. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये प्रवाशांना मैल देण्याची योजना काढली. पुढे विमान कंपन्या हेच मैल बँकांना विकू लागल्या आणि बँका ते कार्डधारकांना वाटू लागल्या. कोरोनाच्या काळात विमाने जमिनीवर होती, तेव्हा २०२० मध्ये युनायटेड आणि डेल्टा या अमेरिकन कंपन्यांनी आपल्या मैल योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभे केले. पॉइंट हे विमानाइतकेच मोलाचे भांडवल आहे, पण ते कंपनीचे.

आपल्याकडील अनुभवही ध्यानात ठेवावा. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली, जेटची १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले, ही गोष्ट चांगली. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पॉइंटला तसा नसतो. आज आठ हजार पॉइंटला मिळणारे तिकीट उद्या बारा हजारांना झाले, तर दाद कोणाकडे मागणार?

नागपुरात उतरल्यावर

विमान सुटले तेव्हा ताई खिडकीशी बसली होती. खाली खाडी, मग डोंगर, मग ढग. सोनेगावला उतरलो. या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे; ते नाव ताईने बाहेर येताच थांबून वाचले. वर्धा रोडवरच्या मेट्रोने सीताबर्डीला आलो. तिचे गुडघे दुखले नव्हते, ती दुपारीच हळदीच्या कामाला लागली. हे सुख पुन्हा मिळावे, ही मुलाची इच्छा योग्यच आहे. प्रश्न फक्त मार्गाचा होता.

भाच्याने कार्ड घेतले नाही. परत आल्यावर त्याने बँकेत महिन्याला ४५० रुपयांचे आवर्ती खाते उघडले. बारा महिन्यांत ५,४०० रुपये होतात, व्याज वेगळे. आईचे एका बाजूचे तिकीट निघते. परत येताना ती दिवसाच्या गाडीने खालच्या बर्थवर येईल. फी नाही, किमान देय नाही.

ज्यांना तरीही कार्ड घ्यायचे असेल त्यांनी सहीपूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात : दरवर्षीची फी जीएसटीसह किती, पॉइंटची मुदत किती, कोणत्या खर्चावर पॉइंट नाहीत, फुकट तिकिटावर रोख किती भरावे लागेल, आणि आरामकक्षासाठी आधी किती खर्चाची अट आहे. उत्तरे तोंडी नकोत, छापील घ्यावीत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड माथी मारता येत नाही. बाकी चुकती करून कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे लागते. उशीर झाला तर बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हे हक्क घरातल्या तरुण मुलामुलींना सांगावेत, कारण टेबलावरची माणसे त्यांनाच हाक मारतात.

आईवडिलांना विमानाने जरूर न्या. त्यांनी आयुष्यभर उभ्याने प्रवास केला आहे. फक्त ते तिकीट आपल्या कमाईच्या पैशाने काढा आणि दोन महिने आधी काढा.