मानोची सफर : खेडहून नाशिकला

अम्मींच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. नाशिकला आणून ऑपरेशन करायचे ठरले, तारीखही मिळाली. अब्बांच्या इंतेकालानंतर अम्मी रत्नागिरी जिल्ह्यात खेडजवळच्या आमच्या गावी एकट्या राहतात. पण त्यांना एकटी म्हटलेले चालत नाही. "एकटी कुठे? मानो आहे की!" मानो म्हणजे त्यांची करड्या पट्ट्यांची मांजर. नाशिकला येण्यासाठी अम्मींची अट एकच होती. मानो येणार असेल तर त्या येणार.

मेच्या सुट्टीत आम्ही गाडी घेऊन गेलो. दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मानोला धरले, कोंबड्या झाकायच्या बांबूच्या टोपलीत घातले, वरून जुनी ओढणी बांधली आणि टोपली मागच्या सीटवर ठेवली. निघेपर्यंत दहा वाजले. कशेडीच्या वळणांवर ती ओरडत होती. पोलादपूरला तिला उलटी झाली. महाड ओलांडून माणगावच्या अलीकडे वाहनांची रांग लागली आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. उन्हाने पत्रा तापला. मानोचे ओरडणे थांबले, तेव्हा आम्हाला हायसे वाटले. अम्मींना नजर कमी, पण कान तिखट. त्या म्हणाल्या, "ती गप्प का झाली? बघा तिला." बघितले तर मानो तोंड उघडे टाकून कुत्र्यासारखी धापा टाकत होती.

घाबरून आम्ही रस्त्याच्या कडेला गाडीचे दार उघडले आणि ओढणी सोडली. पुढच्या क्षणी मानो बाहेर होती. दोन तास आम्ही शोधत होतो. अखेर एका अंगणातल्या चिऱ्यांच्या ढिगामागे ती सापडली. अम्मींनी हाक मारली तेव्हाच आली. अम्मी तिला पदराखाली घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी परत फिरवा." आम्ही फिरवली. ऑपरेशनची तारीख गेली.

परतीच्या वाटेवर आम्ही कोणीच बोललो नाही. आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाणारी हदीस सर्वांना माहीत आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवले. तिला खायला दिले नाही, आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. त्यापायी ती बाई शिक्षेस पात्र ठरली. ही गोष्ट दुष्ट माणसांची आहे असे आम्ही समजत होतो. आमच्यात दुष्टपणा नव्हता, फक्त घाई होती. पण टोपलीत बांधलेल्या जिवाला त्या दोहोंतला फरक कळण्याचे कारण नव्हते.

नाशिकला आल्यावर आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि घडलेले सारे सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्या टोपलीत ती आधी कधी बसली होती का?" आम्ही नाही म्हणालो. "मग तुम्ही तिला प्रवासाला नेले नाही, पकडून नेले." मांजराला गाडीपेक्षा अनोळखी बंद जागेची भीती जास्त वाटते. तीच जागा ओळखीची झाली की ते स्वतःहून तिच्यात शिरते. म्हणून पिंजरा प्रवासाच्या दिवशी काढायची वस्तू नव्हे. तो दोन-तीन आठवडे आधी घरात यायला हवा.

आम्ही कडक प्लॅस्टिकचा, पुढे जाळीचे दार आणि बाजूंना हवेच्या फटी असलेला पिंजरा घेतला. मांजराला आत उभे राहता यावे, वळता यावे, अंग पसरून झोपता यावे, एवढी जागा हवी. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या साधारण दीडपट लांबी पुरते. फार मोठा पिंजराही बरा नाही, कारण वळणावर मांजर आत घसरत राहते. हे केवळ लाडाचे बोलणे नाही. प्राण्यांना पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे किंवा त्रास होईल अशा रीतीने वाहून नेणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत तर कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

ऑगस्टमध्ये भाचा गावी निघाला होता. त्याच्याबरोबर पिंजरा पाठवला. शिकवणीचे काम अम्मींवर आले आणि रोज रात्री फोनवर त्याचा हिशेब होऊ लागला. पहिले तीन दिवस मानो पिंजऱ्याजवळ फिरकली नाही. अम्मींनी वरचा भाग काढून ठेवला, खाली आपली जुनी ओढणी अंथरली आणि पिंजरा जानमाजेशेजारी ठेवला. नंतर सुक्या बोंबलाचा तुकडा आधी दाराशी, मग उंबऱ्यावर, मग आत. आठव्या दिवशी मानो आत जाऊन जेवली. पंधराव्या दिवशी ओढणीवर झोपली. मग वरचा भाग बसवला, दार क्षणभर लावून उघडले, पुढे पाच मिनिटे, नंतर अर्धा तास. शेजारच्या मुलाच्या रिक्षातून खेडपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. त्यातल्या एका फेरीत तिला रेबीजची लस टोचून घेतली. अम्मी त्याला पिंजरा म्हणू देत नसत. "मानोची खोली म्हणा," म्हणत.

रेल्वेचा विचार आम्ही केला होता. पण मांजर जवळ ठेवायचे तर पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते. नाहीतर जनावर गार्डच्या डब्यात जाते.  त्यामुळे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा तोच रस्ता पुन्हा धरला, पण दिवाळीच्या सुट्टीत आणि फजरच्या नमाजेनंतर लगेच.

आदल्या रात्री इशानंतर मानोला थोडे खायला दिले. सकाळी फक्त पाणी. पोट भरलेले असले की उलटी हमखास होते. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्राच्या घड्या, त्यावर ओलावा शोषणारे कापड आणि सर्वांत वर अम्मींची तीच ओढणी. पिंजरा या वेळी सीटवर नव्हता. पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसवला, म्हणजे ब्रेक लागला तरी सरकणार नाही. वरून पातळ चादर टाकली, हवेच्या फटी मोकळ्या ठेवून. पळती झाडे दिसली नाहीत की मांजर शांत राहते. आम्ही त्या दिवशी अत्तरही लावले नाही. आपल्याला मंद वाटणारा वास बंद गाडीत तिच्या नाकाला फार होतो.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, घरातली माणसांची गोळी मांजराला कधीही द्यायची नाही. आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते. फार घाबरणाऱ्या मांजरासाठी वेगळे औषध असते, पण ते डॉक्टरांनी वजन पाहून द्यायचे. दोन, बंद गाडीत तिला एकटे सोडायचे नाही. बाहेर ३० अंश असले तरी उन्हात उभ्या गाडीत अर्ध्या तासात पारा ४५ च्या पुढे जातो. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उघड्या तोंडाने धापा टाकणे म्हणजे धोक्याची घंटा. अशा वेळी सावली, वारा, पाण्याने ओले केलेले कापड आणि लवकरात लवकर डॉक्टर.

गाडी सुरू झाली तेव्हा अम्मींनी सफरची दुआ म्हटली. हे वाहन अल्लाहने आमच्या ताब्यात दिले, आमच्यात ती ताकद नव्हती, असा तिचा आशय. रोज म्हणत आलो तरी त्या दिवशी पायाशी पिंजरा असताना ती वेगळी ऐकू आली. ताब्यात दिलेल्या गोष्टीचा हिशेबही द्यावा लागतो.

कशेडीला मानो दोनदा ओरडली. अम्मींनी जाळीला बोट लावले, ती गप्प झाली. या खेपेची शांतता वेगळी होती, तरी आम्ही दर अर्ध्या तासाने चादर उचलून बघत होतो. माणगावला थोडे थांबावे लागले, पण ऊन चढले नव्हते. पनवेलच्या पुढे सावलीत थांबलो. आधी सगळ्या काचा वर, दारे बंद, मगच पिंजऱ्याचे दार उघडले. अम्मींनी वाटी तिरकी धरली आणि मानो पाणी प्यायली. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरासाठी असेच तिरके केले होते. बघणाऱ्या सुनेला नवल वाटले, तेव्हा त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे म्हणणे सांगितले, की मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे.

जुहरसाठी शहापूरच्या अलीकडे थांबलो. एकाने नमाज पढायची, दुसऱ्याने गाडीत बसायचे, अशी पाळी लावली. मुसाफिराला चारऐवजी दोन रकातींची सवलत आहे. सफर माणसाला थकवते हे आपल्या दीनने ओळखले आहे. जनावराचेही ओळखले आहे. हिरव्या मुलखातून जाताना उंटांना त्यांचा चारा खाऊ द्या, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. कसारा घाट आम्ही सावकाश चढलो. इगतपुरीला गार वारा आला आणि मानो चक्क झोपली. दिवस मावळायच्या आत मुंबई नाका ओलांडून जुन्या नाशकातल्या घरी पोहोचलो.

गल्लीत मुलांचा गलका होता. मानोला थेट आतल्या खोलीत नेले, दार लावले, पिंजरा उघडला आणि तिला बाहेर ओढले नाही. वाळूचा ट्रे एका कोपऱ्यात, पाणी दुसऱ्या कोपऱ्यात. इशाच्या सुमारास ती स्वतःहून बाहेर आली. पुढचे तीन आठवडे तिला घराबाहेर जाऊ दिले नाही. नव्या जागी लगेच मोकळे सोडलेले मांजर जुने घर शोधायला निघते आणि हरवते.

त्याच खोलीत अम्मींची चटई, गोधडी, पितळी तांब्या आणि जानमाज मांडली. हे सामान मे महिन्यात आम्ही घेतलेच नव्हते. "तिथे सगळे आहे, अम्मी, कशाला ओझे?" असे म्हणून त्यांना एका पिशवीनिशी गाडीत बसवले होते. त्याही तेव्हा दिवसभर गप्प होत्या आणि आम्हाला त्याचेही हायसेच वाटले होते. मानोसाठी डॉक्टरांनी जे सांगितले, ते अम्मींच्या बाबतीत आम्हाला कोणी सांगायची गरज पडायला नको होती.

ऑपरेशन अल्हम्दुलिल्लाह नीट पार पडले. पट्टी निघाल्यावर अम्मींनी मानोला मांडीवर घेतले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हिच्या नाकावर पांढरा ठिपका आहे, मी विसरलेच होते."

येत्या मेमध्ये त्यांना गावी जायचे आहे. इन्शाअल्लाह पोहोचवू, भल्या पहाटे निघून. मानोची खोली कोपऱ्यातच ठेवली आहे, दार उघडे ठेवून. दुपारी ती तिथेच झोपते.