मुभा आणि आडोसा

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात 1928 साली प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेस आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला आणि पुढल्याच वर्षी कायदा झाला, तेव्हा सभागृहाच्या डोळ्यांपुढे होती ती गिरणीतली कामकरीण. तिची चाळ भोंग्याच्या टप्प्यात असे, आणि तान्हेही तेथेच. 1961 च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या सुटीखेरीज, दिवसातून दोनदा स्तनपानाची मुभा दिली. 2017 साली पन्नास वा अधिक नोकरदारांच्या आस्थापनेस पाळणाघर सक्तीचे झाले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही कलमे आली. परंतु मूल जवळपासच असणार, हे गृहीत काही कोणी तपासले नाही.

ज्यांचे मूल डोंबिवलीस सासूबाईंच्या मांडीवर आणि दप्तर फोर्टात, त्यांनी काय करावे? छाती दाटून येते ती साहेबांची बैठक संपण्याची वाट पाहत नाही. दूध वेळेवर काढले नाही तर गाठी होतात, ताप भरतो, आणि असे वारंवार घडले की ते हळूहळू आटू लागते. म्हणून जुन्या फायलींच्या खोलीत, कडी लागत नसल्यामुळे दाराशी खुर्ची टेकवून, मी पंप घेऊन बसत असे. बाहेरून कोणी दार ढकलले की उतरू लागलेला पान्हा तेथेच आखडे. भय आणि संकोच यांनी दुधाचा ओघ अडतो, हे शरीरशास्त्र कोणत्याही परिपत्रकाला ठाऊक नव्हते. आमच्या शिपाईण मावशींना मात्र ते उपजत ठाऊक असावे. "ताई, निवांत बसा, मी आहे हितं," असे म्हणून त्या दाराबाहेर स्टूल टाकून बसत, आणि मग बाटली भरे.

रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीच्या नावाने एसटी स्थानकांवर कक्ष उघडले गेले, हे उचितच. तथापि आपल्याला तिच्या धाडसाचे जेवढे कौतुक, तेवढे मिटलेल्या दरवाजाचे वैषम्य वाटत नाही. अमेरिकेच्या 2010 च्या कायद्याने दूध काढण्यासाठी स्वच्छतागृहाव्यतिरिक्त, परक्या नजरेपासून सुरक्षित जागा देणे मालकांवर बंधनकारक केले. आपल्या कलमात वेळ आहे, जागा नाही.

आस्थापना शाखेच्या अधिकाऱ्यांस विनंती एवढीच, की एक लहानशी खोली, आतून लागणारी कडी, विजेची जोडणी, हात धुण्यास पाणी आणि दूध ठेवण्यापुरता फ्रिजचा एक कप्पा यांची तजवीज करावी. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.